पाच ट्रॉफ्यावाले सर की सत्तावीस वर्षांचा दादा? कॉलेजचा बास्केटबॉल कोच निवडताना

प्रश्न असा आलाय. पुण्यातल्या एका कॉलेजच्या जिमखाना कमिटीवरचे एक सर आहेत, त्यांच्या मुलांच्या बास्केटबॉल टीमला गेली ३ वर्षं इंटर-कॉलेजिएटमध्ये दुसरा राउंड बघायला मिळालेला नाही. जुने कोच वयामुळे थांबले, आता नवीन घ्यायचाय आणि शेवटी दोन नावं उरलीयेत. एक ४६ वर्षांचे, एनआयएस (पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा) झालेले, दुसऱ्या कॉलेजला १२ वर्षं होते, तिथे ५ वेळा झोन (आपल्या भागातल्या कॉलेजांची स्पर्धा) जिंकलाय, मानधन जास्त मागतायत आणि सोबत दोन तयार पोरं आणतो म्हणतायत. दुसरा २७ वर्षांचा, युनिव्हर्सिटी खेळलेला, एका क्लबात ४ वर्षं ज्युनिअर पोरांना शिकवतोय, पण कॉलेजची टीम स्वतःच्या नावावर कधी सांभाळलेली नाही. प्रिन्सिपल सरांना पहिले हवेत, पोरांना दुसरा. काय करावं?

सोयीसाठी पहिल्यांना मोठे सर म्हणू आणि दुसऱ्याला दादा, पोरं ग्राउंडवर तसंच म्हणणार आहेत.

मी यात ३० वर्षं काढलीत, आधी खेळाडू, मग मुलींच्या टीमची कोच, मग मुलांचीही, शेवटची १० वर्षं फिजिकल डायरेक्टर, आणि कोच निवडायच्या पॅनेलवर कितीतरी वेळा बसलेय. त्यातल्या ३ निवडी सरळसरळ फसल्या, दोनदा अनुभवी माणूस घेऊन आणि एकदा नवखा घेऊन, म्हणजे चटके दोन्हीकडून बसलेत. तुमच्या केसमध्ये माझा कल दादाकडे आहे. पण त्याला एक अट आहे आणि ती अट दादासाठी नाही, तुमच्या कॉलेजसाठी आहे, ती खाली येईलच.

आधी त्या ५ ट्रॉफ्या बघू. पुण्यात कॉलेजची टीम कशी बनते हे तुम्हाला माहितीच असेल. पोरगं आठ-दहा वर्षांचं असताना शाळेत नाहीतर क्लबात बॉल हातात घेतं. डेक्कन जिमखान्यासारखा १९०६ पासूनचा क्लब आपल्याकडे आहे, शिवाय बऱ्याच शाळांची कोर्टं संध्याकाळी भरलेली असतात, तिथे कोणीतरी सर किंवा मॅडम ७-८ वर्षं त्या पोराचा लेअप (पळत जाऊन रिंगजवळून बॉल टाकणं) दोन्ही हातांनी पक्का करून घेतात, आणि मग अकरावीला किंवा एफवायला ते पोरगं स्पोर्ट्स कोट्यातून कॉलेजला येतं आणि ट्रॉफीवर नाव लागतं कॉलेजच्या कोचचं. यात मी त्या कोचला कमी लेखत नाहीये, तयार पोरांना एकत्र ठेवणं हेही काम आहे आणि कधीकधी जास्त अवघड काम आहे. पण ज्या कॉलेजला दरवर्षी ४-५ क्लबची पोरं आपोआप येतात तिथे झोन जिंकणं आणि तुमच्याकडे, जिथे ट्रायलला आलेल्या निम्म्या पोरांनी दहावीनंतर बॉलला हात लावलेला नसतो, तिथे जिंकणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत हो.

याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे, कारण तिथे कॉलेज बास्केटबॉलचा सगळा हिशोब लिहिलेला असतो, कोण किती जिंकलं, कधी काढलं, सगळं. इंडियानापोलिसला बटलर म्हणून एक छोटी युनिव्हर्सिटी आहे. २००६-०७ च्या सीझनला तिथले हेड कोच होते टॉड लिकलायटर, टीमने २९ मॅच जिंकल्या, ७ हरल्या, राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या १६ मध्ये गेली. साहजिकच मोठ्या युनिव्हर्सिटीची नजर पडली आणि आयोवाने त्यांना उचललं. बटलरने काय केलं, तर बाहेरून कोणी नावाजलेला न आणता त्यांच्याच असिस्टंटला, ३० वर्षांच्या ब्रॅड स्टीव्हन्सला बसवलं. हा माणूस आधी इलाय लिली या औषध कंपनीत नोकरीला होता, ती सोडून २००० साली बटलरला पडेल ते काम करायला आला होता, हेड कोच म्हणून नावावर एक मॅच नाही. म्हणजे बघा, सिद्ध माणूस नवीन जागी गेला आणि असिद्ध माणूस जुन्याच जागी राहिला, मुद्दाम प्रयोग करायचा म्हटलं तरी इतका छान जमला नसता. लिकलायटर आयोवाला ३ वर्षांत ३८ जिंकले, ५८ हरले आणि २०१० ला गेले. स्टीव्हन्सने पहिल्याच वर्षी ३० जिंकल्या आणि ४ हरल्या, मग २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षं बटलरला थेट फायनलला नेलं. २०१० ची फायनल ड्यूककडून ६१-५९ अशी गेली, शेवटच्या सेकंदाला गॉर्डन हेवर्डने हाफ कोर्टवरून मारलेला बॉल बोर्डाला लागून रिंगवर आपटून बाहेर आला. मी तो व्हिडिओ अजून बघते आणि अजून वाटतं जाईल आत.

आता याचा अर्थ लिकलायटर वाईट कोच होते असा काढू नका. ते ज्या घरात यशस्वी होते त्या घराची घडी आधीपासून बसलेली होती, कुठली पोरं घ्यायची, कसं खेळायचं, असिस्टंट कोण, हे सगळं. स्टीव्हन्स त्याच घरात ७ वर्षं राबलेला होता. कागदावर तो असिद्ध होता एवढंच, घरातल्यांना त्याचं काम रोज दिसत होतं.

म्हणून मोठ्या सरांना इंटरव्ह्यूला बोलवाल तेव्हा ट्रॉफ्यांबद्दल विचारू नका, त्या बायोडेटामध्ये आहेतच. असं विचारा की तुम्ही त्या कॉलेजला आलात तेव्हा टीमचं काय चाललं होतं, पहिल्या वर्षी कोण होतं टीममध्ये, ती पोरं कुठल्या क्लबची होती. तुमचा सगळ्यात चांगला बॅच पास आउट झाला त्याच्या पुढच्या वर्षी काय झालं? हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. ५ वेळा जिंकले म्हणजे ७ वेळा हरले ना, त्या ७ वर्षांबद्दल माणूस कसा बोलतो ते ऐका. कोणी म्हणतं त्या वर्षी पोरंच नव्हती, मॅनेजमेंटने पैसे दिले नाहीत, रेफरी असे तसे. आणि कोणी म्हणतं की त्या वर्षी माझ्याकडे बॉल हँडल करणारं एकच पोरगं होतं, समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवलं, की आम्ही संपायचो, मग मी जानेवारीपासून दोन फॉरवर्डना ड्रिबलिंगला बसवलं. दुसऱ्यासारखं उत्तर आलं तर माझं वरचं सगळं विसरा आणि मोठ्या सरांनाच घ्या, खरंच सांगतेय.

माझी पहिली फसलेली निवड अशीच होती. कॉलेजचं नाव नको. मी पॅनेलवर होते, समोर एक अतिशय नावाजलेले कोच आले, शहरात सगळे ओळखतात, आम्ही चहा यायच्या आत ठरवून टाकलं होतं. ते ज्या कॉलेजहून आले तिथे हॉस्टेल होतं, फी माफी होती, सकाळी ६ ला सगळी टीम कोर्टवर. आमच्याकडे निम्मी पोरं हडपसर, कात्रज, सिंहगड रोड अशी तीन टोकांवरून यायची, सकाळी प्रॅक्टिस ठेवली तर ७ चे साडेसात व्हायचे, संध्याकाळी ठेवली तर प्रॅक्टिकल. सरांनी पहिल्याच आठवड्यात नियम लावला, उशीर झाला की घरी. नियम चूक नव्हता, त्यांच्या जुन्या जागी तो चालायचा पण. इथे ऑगस्ट संपेपर्यंत टीममध्ये ७ पोरं उरली. झोनच्या मॅचला दोन पोरं पाच-पाच फाउल होऊन बाहेर गेली आणि शेवटची ६ मिनिटं बेंचवर एकही माणूस नव्हता, नंतर तिसऱ्याच्या पायात गोळा आला आणि शेवटी आम्ही ४ जण खेळवले. सर माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे.

ते सर वाईट नव्हते हो. ते दुसऱ्या कामात सिद्ध होते. तिकडे अमेरिकेत बिली गिलिस्पी म्हणून कोच होता त्याची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे म्हणून सांगते. त्याची खासियत पडलेली टीम उभी करणं. टेक्सास-एल पासो युनिव्हर्सिटीला पहिल्या वर्षी ६ जिंकल्या २४ हरल्या, दुसऱ्याच वर्षी २४ जिंकल्या ८ हरल्या. मग टेक्सास ए अँड एम ला गेला, ती टीम आदल्या वर्षी स्वतःच्या कॉन्फरन्समधल्या (म्हणजे गटातल्या) १६ च्या १६ मॅच हरलेली, यांनी पहिल्याच वर्षी एकूण २१ जिंकून दाखवल्या. दोनदा सिद्ध, यापेक्षा अजून काय पाहिजे? २००७ ला केंटकीने घेतला, जिथे टीम पडलेली नव्हती, जिथे गावातल्या प्रत्येक माणसाला कोचशी बोलायचं असतं. ४० जिंकल्या, २७ हरल्या, दोन वर्षांत नारळ. आपल्याकडे ४०-२७ वर कोचचा सत्कार झाला असता, पण तो मुद्दा वेगळा. मुद्दा हा की सिद्ध म्हटलं की लगेच विचारायचं, कशात?

तुमची टीम पडलेली आहे. मोठ्या सरांनी पडलेली टीम कधी उचललीये का, एवढंच शोधून काढा.

आता दादाकडे येऊ. असिद्ध म्हणतो तेव्हा आपण दोन अगदी वेगळ्या प्रकारची माणसं एका पोत्यात घालतो. एक म्हणजे मोठा खेळाडू, ज्याच्या खेळावर आपण फिदा असतो आणि म्हणून वाटतं की शिकवेलही. जॉर्जटाउनने २०१७ ला पॅट्रिक युइंगला आणलं, १९८४ ला त्याच कॉलेजला चॅम्पियन करणारा, एनबीए (तिथली व्यावसायिक लीग) गाजवलेला, नंतर एनबीएमध्ये बरीच वर्षं असिस्टंटही होता, पण कॉलेजची पोरं कधी हाताळलेली नाहीत आणि हेड कोचही कधी नाही. ६ वर्षांत ७५ जिंकल्या, १०९ हरल्या, २०२१-२२ ला तर लीगमधल्या १९ च्या १९ हरले. त्याला बास्केटबॉल कळत नव्हतं असं कोण म्हणेल? दुसरा प्रकार डॅन हर्लीसारखा. हा ९ वर्षं नेवार्कला एका शाळेचा कोच होता. मग छोट्या वॅगनर कॉलेजला, मग ऱ्होड आयलंडला, मग २०१८ ला कनेक्टिकटला, आणि २०२३ आणि २०२४ ला लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. २०१० ला वॅगनरने घेतला तेव्हा कॉलेज लेव्हलला हेड कोच म्हणून तोही शून्यच होता, पण शाळेतली ९ वर्षं कुठे जातात?

तुमचा दादा कुठल्या पोत्यातला आहे? युनिव्हर्सिटी खेळला म्हणून आवडतोय का क्लबातली ४ वर्षं बघून आवडतोय? पोरांना तो हवाय त्याला मी फार किंमत देत नाही, पोरांना थ्री-पॉइंटर मारून दाखवणारा कोच नेहमी हवाच असतो. क्लबातली ४ वर्षं मात्र सोनं आहे. १२-१३ वर्षांच्या पोराला पिव्हट (एक पाय रोवून वळणं) शिकवणं, रडणाऱ्या पोराला परत कोर्टवर आणणं, आणि त्याहून कठीण म्हणजे आयांना सांगणं की मुलगा बेंचवर का बसलाय, हे ज्याने ४ वर्षं केलं त्याला मी नवखा म्हणणारच नाही. क्लबात जा, आगाऊ न सांगता जा, भिंतीपाशी उभं राहून तासभर बघा.

आता ती अट. हर्लीचे आकडे परत बघा, प्रत्येक नवीन जागचं पहिलं वर्ष. वॅगनर, १३ जिंकल्या १७ हरल्या. ऱ्होड आयलंड, ८ जिंकल्या २१ हरल्या. कनेक्टिकट, १६ जिंकल्या १७ हरल्या. तीनही जागी पहिलं वर्ष तोट्यात, आणि हा असा माणूस ज्याने पुढे दोन टायटल मारली. ड्यूकचा माइक शिशेफ्स्की, ज्याला सगळे कोच के म्हणतात, त्याला १९८० ला घेतलं तेव्हा तो आर्मीच्या, म्हणजे तिथल्या लष्करी अकादमीच्या टीमचा कोच होता आणि शेवटच्या सीझनला ९ जिंकून १७ हरलेला. बायोडेटा बघून आपण त्याला इंटरव्ह्यूलाही बोलावलं नसतं. ड्यूकला पहिली ३ वर्षं १७-१३, १०-१७, ११-१७. तिसऱ्या वर्षी शेवटची मॅच व्हर्जिनियाकडून ४३ पॉइंटनी हरले, १०९-६६. डोनर लोक ओरडत होते काढा याला. तिथले स्पोर्ट्स डायरेक्टर टॉम बटर्स यांनी काढलं नाही, उलट चौथ्या सीझनच्या मध्यात १९८४ ला त्याचा करार वाढवला. पहिलं विजेतेपद १९९१ ला आलं, नेमल्यापासून ११ वर्षांनी, एकूण ५ झाली आणि तो २०२२ ला निवृत्त झाला. तर तुम्ही मला विचारताय कोच के कसा ओळखायचा, मला तुम्हाला विचारायचंय तुमच्याकडे बटर्स कोण आहे?

कारण दादाला घेतलं तर पहिल्या वर्षी बहुतेक परत लवकर बाहेर पडाल. मोठ्या सरांनाही घेतलं तर पडाल, पण तेव्हा कोणी काही म्हणणार नाही, एवढे अनुभवी सर आहेत, पोरंच नाहीत तर ते तरी काय करणार. दादा हरला की पहिल्या मॅचनंतर स्टाफरूममध्ये सुरू होईल, बघा मी म्हणत होतो. अनुभवी माणूस नेमण्यात नेमणाऱ्याची कातडी वाचते, हे आपण इंटरव्ह्यूच्या टेबलावर कधी कबूल करत नाही पण निम्म्या निवडी त्यामुळेच होतात. म्हणून अट ही, की प्रिन्सिपल सरांनी दोन पूर्ण सीझन द्यायचे, जिमखान्याच्या मिनिट्समध्ये तसं लिहून, आणि पहिल्या सीझनला निकालावर एक अक्षर बोलायचं नाही. बघायचं काय तर जुलैत ट्रायलला आलेली पोरं फेब्रुवारीत किती उरली, आणि एफवायच्या पोरांचा डावा हात चालायला लागला का. एवढं प्रिन्सिपल सरांना झेपणार नसेल तर दादाला घेऊच नका, त्या पोराचं वाटोळं कराल.

माझी नवख्याची फसलेली निवड अशीच वाया गेली, आणि ती मला जास्त लागते. २५-२६ चा मुलगा, फार गुणी. आम्ही घेतला आणि सोडून दिला. बॉल ४, त्यातले २ गुळगुळीत झालेले. मानधन तीन-तीन महिने अकाउंट्सला अडकायचं. परीक्षेच्या वेळी अटेंडन्सवरून दोन मुख्य खेळाडूंना सोडेनात, याला कोणी आत जाऊन बोलेल असं माणूस नव्हतं, मी त्या वर्षी दुसऱ्या कामात होते, आणि होते म्हणजे काय, मी लक्ष दिलं नाही. दिवाळीनंतर तो आलाच नाही. आता आयटीत आहे, भेटतो कधीकधी, फार प्रेमाने बोलतो आणि बास्केटबॉलचा विषय काढत नाही. मोठ्या सरांसारखा माणूस अकाउंट्सच्या खिडकीवर जाऊन आवाज चढवू शकतो, नवख्याला ते जमत नाही, त्याच्यासाठी तुम्हाला जावं लागेल. मी स्वतः सुरुवात केली तेव्हा आमच्या डायरेक्टर बाई माझ्यासाठी गेल्या होत्या, म्हणून मी टिकले. टेनेसी युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमची पॅट समिट १९७४ ला २२ व्या वर्षी हेड कोच झाली तेव्हा महिन्याला २५० डॉलर घेऊन टीमचे कपडेही स्वतः धुवायची म्हणतात, पुढे तिची ८ विजेतेपदं झाली, पण सगळ्यांकडून तेवढं कशाला मागायचं.

बरं आता सगळ्यात कामाची गोष्ट. इंटरव्ह्यू २० मिनिटांत संपवा आणि दोघांनाही तुमच्याच पोरांची ९० मिनिटांची प्रॅक्टिस घ्यायला लावा. वेगवेगळ्या दिवशी, तीच १४ पोरं, तेच ६ बॉल, दोन रिंग. आदल्या दिवशी फक्त एवढंच सांगायचं की आमची टीम प्रेस लागला की बॉल घालवते आणि समोर २-३ झोन (दोघं पुढे, तिघं रिंगजवळ असा बचाव) लागला की बाहेरून नुसती मारत सुटते, यावर काम करा. मोठे सर कदाचित नाराज होतील, १२ वर्षांनी माझी परीक्षा घेणार का म्हणून. त्यांना सांगा पोरांची ओळख व्हावी म्हणून ठेवलंय. तरीही नाहीच म्हणाले तर तेही एक उत्तरच झालं.

बघायचं काय? मी वही घेऊन बसते आणि पहिली १० मिनिटं कोचकडे बघतच नाही, रांगेकडे बघते. १४ पोरं एका रांगेत उभी, एक जण लेअप मारतोय आणि १३ जण गप्पा मारतायत, असं किती वेळ चाललं? ६ बॉल आहेत, दोन रिंग आहेत, मग ९० मिनिटांत एका पोराच्या हातात बॉल किती वेळ आला? एका कमजोर पोरावर नजर ठेवा, टीममधला अकरावा-बारावा, आणि त्याच्याशी कोच किती वेळा नावाने बोलला ते लिहा. नावं पाठ व्हायला किती वेळ लागला तेही. चूक झाल्यावर थांबवतो कसा, सगळी प्रॅक्टिस थांबवून ५ मिनिटं भाषण, का त्या एका पोराला बाजूला घेऊन पायाची दिशा दाखवून परत आत सोडतो. ड्रिल जमत नाहीये हे कोचला किती लवकर कळतं आणि कळल्यावर सोपं करतो का आवाज वाढवतो. मी एकदा कोच म्हणून आलेल्या एका मुलीला बघितलं, तिचं तीन विरुद्ध दोनचं ड्रिल पार कोसळलं, तिने हसून शिट्टी मारली, दोन पोरं कमी केली, दोन विरुद्ध एक केलं, पाच मिनिटांनी परत तीन-दोनला आणलं. मी वही तिथेच मिटली.

शेवटची १५ मिनिटं मॅच खेळवायला लावा, आणि स्कोअर तुम्ही ठरवून द्या, चौथा क्वार्टर, २ मिनिटं बाकी, ५ पॉइंटनी मागे, हाताशी एकच टाइमआऊट. टाइमआऊट कधी घेतो आणि त्या एका मिनिटात किती गोष्टी सांगतो. घाबरलेल्या पोराच्या डोक्यात फार तर दोन गोष्टी राहतात. दादासारखे तरुण इथे गडबडतात, सात गोष्टी सांगतात, बोर्डवर तीन रंगांचे बाण काढतात, आणि पोरं आत जाऊन एकमेकांकडे बघतात. अनुभव दिसतो तो इथे दिसतो, मोठे सर कदाचित एवढंच म्हणतील, आत बॉल दे, फाउल करू नका. हे मी दादाच्या विरुद्ध फार धरणार नाही कारण टाइमआऊट एका सीझनमध्ये शिकता येतो. अकराव्या पोराशी बोलायची सवय मी अजून कोणाला शिकवू शकलेले नाही.

प्रॅक्टिस झाल्यावर फोन करा. बायोडेटात दिलेल्या नंबरांवर नाही, ती सगळी मंडळी छानच बोलणार. मोठ्या सरांच्या जुन्या टीममधला बेंचवर बसलेला पोरगा शोधा, तीन वर्षं आला आणि मोजून दहा मिनिटं खेळला असा. तो जर म्हणाला की सरांनी मला बरंच शिकवलं तर तो शब्द मी पाचही ट्रॉफ्यांच्या वर ठेवेन. आणि त्या कॉलेजच्या ग्राउंडवरच्या मामांना भेटा. मामांना सगळं माहीत असतं, सर किती वाजता यायचे, पावसाळ्यात काय करायचे, पोरांवर कसे ओरडायचे, मोबाईलवर किती बोलायचे. एक अमृततुल्य चहा पाजा, पॅनेलच्या तीन मीटिंगांचं काम होईल. आणि हे सांगायची वेळ यायला नको पण येते, दोघांचीही वागणुकीबद्दलची चौकशी नीट करा, मुलींची टीमही त्याच कोर्टवर असणार.

सर्टिफिकेटचं विचाराल तर, पतियाळाची एनआयएस १९६१ पासून आहे, तिथला डिप्लोमा करून आलेल्या माणसाचा पाया पक्का असतो, मोठ्या सरांच्या बाजूने हा खरा मुद्दा आहे. दादाने डिप्लोमा केला नसेल तर ६ आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स तरी करायला लावा, खर्च कॉलेजने करावा. यापेक्षा जास्त यात काही नाही.

ती दोन तयार पोरं. मोह होतो मला कळतं. पण जी पोरं आज सरांबरोबर तुमच्याकडे येतायत ती उद्या सरांबरोबर जातील, आणि तुमच्याकडे ३ वर्षं घाम गाळलेल्या ज्या दोन पोरांची जागा जाईल ती त्याच आठवड्यात यायची बंद होतील. शिवाय त्यांची ॲडमिशन, एलिजिबिलिटी हे युनिव्हर्सिटीच्या नियमात बसतं का ते आधी बघा, नाहीतर जिंकलेली मॅच प्रोटेस्टमध्ये जाईल. कोच निवडताना ही दोन पोरं हिशोबातच धरू नका, शून्य समजा आणि मग परत दोघांकडे बघा.

आणि कमिटीतलं कोणीतरी नक्की म्हणेल की दोघांनाही घेऊ, मोठे सर हेड, दादा असिस्टंट. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. बटलरला ते जमलं कारण तिथला असिस्टंट वर्षानुवर्षं हेडबरोबर वाढला होता. इथे जो माणूस पोरांना हवा होता तो बॉल गोळा करणार आणि जो प्रिन्सिपलना हवा होता तो आठवड्यातून दोनदा येणार, पोरं दादाला विचारून खेळणार आणि हरल्यावर सर दादाला विचारणार. मानधन दोघांत वाटलं की दोघंही नाराज. दादाला घेतलंत तर मोठ्या सरांना दिवाळीत दोन दिवस कॅम्पला बोलवा हवं तर, रीतसर मानधन देऊन, त्यांच्याकडे शिकण्यासारखं खूप असणार.

एक राहिलं. ट्रायल प्रॅक्टिस जून-जुलैत ठेवणार असाल तर आधी कुठल्या तरी इनडोअर कोर्टचं बुकिंग करा, दोन्ही दिवसांचं, एकाच वेळेचं. आम्ही एकदा एकाची प्रॅक्टिस कोरड्या कोर्टवर घेतली आणि दुसऱ्याची भुरभुर पावसात ओल्या काँक्रीटवर, त्याने बिचाऱ्याने पोरं घसरतील म्हणून तासभर नुसतं उभ्या उभ्या पासिंग घेतलं आणि पॅनेलमधल्या एकांनी शेरा मारला, एनर्जी कमी वाटली.